आईचं देहदान केलं, आता सगळे म्हणतात तिला गती मिळाली नाही

पत्र मोठं होतं, नाव गाव गाळून थोडक्यात देते:

"ताई, आठ महिन्यांपूर्वी, मार्गशीर्षात, माझी आई गेली. वय ६८, झेडपीच्या शाळेत बाई होती. रात्री छातीत दुखायला लागलं आणि फॅमिली डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. आईबाबा दोघांनीही काही वर्षांपूर्वी देहदानाचा फॉर्म भरलेला, त्यामुळे आम्ही डोळे दिले आणि देह मेडिकल कॉलेजला दिला. धाकट्या काकांना ते तेव्हाच पटलं नव्हतं. दहाव्याला घाटावर तासभर थांबलो, कावळा शिवेना. सगळे आईची काय इच्छा राहिली ते आठवत होते, तेव्हा काका म्हणाले की वहिनी त्यांच्या नावावरचा प्लॉट माझ्या मुलाला देणार होत्या. दादाने घाबरून हात जोडले आणि देतो म्हणाला. तरी कावळा आला नाही, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. त्यानंतर दादाची नोकरी गेली, वहिनीचं तिसऱ्या महिन्यात मिसकॅरेज झालं. एका ज्योतिषाने सांगितलंय की आई पंचकात गेली, अग्नी मिळाला नाही, आत्मा घरातच अडकलाय, त्र्यंबकला नारायण नागबली करा, एक्कावन हजार खर्च. आत्या म्हणते डोळे दिले म्हणून ती पुढच्या जन्मी आंधळी जन्मणार. बाबा म्हणतायत माझा फॉर्म रद्द करा. मी ह्यातलं काही मानत नाही असं सगळ्यांना सांगते पण मला रात्र रात्र झोप येत नाही. आम्ही आईचं वाईट केलं का? ता.क. दादाने प्लॉटचं कबूल केलं त्याला आम्ही बांधील आहोत का?"

नाही केलं हो वाईट. हे आधी सांगून टाकते कारण बाकीचं सगळं वाचेपर्यंत तुम्ही श्वास रोखून बसाल.

आता सविस्तर. हे सगळं थोतांड आहे, सोडून द्या, असं मी तुम्हाला लिहू शकले असते, पण त्याने तुम्हाला झोप लागणार नाही, कारण तुम्ही स्वतःला तेच गेले आठ महिने सांगताय आणि त्याचा काही उपयोग झालेला नाहीये. शिवाय काका, आत्या, बाबा ह्यांच्याशी त्या भाषेत बोलताच येत नाही, बोलायला गेलात की लगेच "तू शिकलीस, आम्ही अडाणी" सुरू होतं. म्हणून मी उलटं करते. समजा हे सगळं मानायचंच आहे, गरुडपुराण, पिंड, कर्म, पुनर्जन्म सगळं, तर मग त्याच पुस्तकांप्रमाणे तुमच्या आईला गती मिळण्यात अडचण कुठे येते ते बघू. मला तरी सापडली नाही, आणि मी शोधलीये.

पहिला मुद्दा अग्नीचा, काकांचा सगळा भर त्याच्यावरच दिसतोय. देह जळला नाही म्हणून आत्मा अडकला. बरं. मग संन्याशाचं काय करतात? त्याला जाळत नाहीत, जमिनीत समाधी देतात नाहीतर पाण्यात सोडतात. अगदी लहान बाळ गेलं तर त्यालाही अग्नी देत नाहीत, पुरतात. लिंगायत समाजात पुरतात, नाथपंथी गोसाव्यांमध्ये समाधी देतात, तुमच्याच तालुक्यात अशी घरं असतील, त्यांचे सगळे पूर्वज काय गेली कित्येक शतकं गल्लीत फिरतायत का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे आळंदी. माऊलींनी १२९६ साली समाधी घेतली, तिथे कुठे चिता रचली होती? काका वारीला जातात असं तुम्ही मोठ्या पत्रात लिहिलंय, त्यांना हे एकदा शांतपणे विचारा, भांडायला म्हणून नाही, खरंच विचारा. ते म्हणतील माऊली म्हणजे माऊली, आपण साधी माणसं. ठीक आहे, पण मग "अग्नी नाही तर गती नाही" हा नियम नाहीये एवढं तर मान्य झालं ना, मग पुढची चर्चा आपल्या आईच्या पुण्याईवर येते, आणि चाळीसेक वर्षं पोरांना बाराखडी शिकवलेल्या बाईची पुण्याई काढायची हिंमत काका करतील असं मला वाटत नाही.

आता गरुडपुराण. तुमच्याकडे दहा दिवस ते वाचलं आणि काकांनी नरकाची वर्णनं मुद्दाम मोठ्याने वाचली म्हणालात. (हे घरोघरी होतं बरं का, तेवढेच अध्याय लोकांना पाठ असतात.) पण त्याच ग्रंथात पुढच्या प्रवासाचा देह कशाचा बनतो ते स्पष्ट लिहिलंय. तो बनतो पिंडांचा. पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं, मग पुढच्या पिंडांनी एकेक करून बाकीचे अवयव, दहाव्याने भूक आणि तहान, असा हातभर लांबीचा देह तयार होतो आणि त्या देहाने जीव यममार्गाला लागतो, ८६ हजार योजनं, वाटेत वैतरणी, वर्षभर चालतो असं सगळं आहे. म्हणजे ग्रंथाच्याच हिशेबाने जुन्या देहातलं काहीही सोबत जात नाही, डोळे नाही, हाडं नाही, काही नाही. तुमच्या दादाने दहाही पिंड दिले, अकरावा बारावा झाला, सपिंडीकरण झालं. मग कमी काय पडलं? प्रेताचा प्रवास ज्याच्यावर अवलंबून आहे ते सगळं तुम्ही केलंय आणि ज्याच्यावर अवलंबून नाही ती गोष्ट कॉलेजला दिलीये.

आत्यांच्या आंधळ्या जन्माचंही तेच. हे बोलणं फार पसरलेलं आहे, नेत्रदानाचे कॅम्प घेणारे लोक सांगतील की हा प्रश्न त्यांना जिथे तिथे येतो. पण ह्याला आधार कुठल्या शास्त्राचा? बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग नावाचा माणूस याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस मेला की त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात जातो, डोळे सूर्याला मिळतात, मन चंद्राला, शरीर मातीला, मग तो माणूस स्वतः उरतो कुठे? म्हणजे डोळे सूर्याचे, सूर्याला परत, हे प्रश्न विचारणाऱ्याने गृहीतच धरलंय, त्यावर वादच नाही. आणि याज्ञवल्क्य काय करतात माहितीये? म्हणतात, बाबा रे, हात दे माझ्या हातात, हे आपण दोघंच बोलू, ह्या गर्दीत नको. मग ते दोघं बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माबद्दल असतं, पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो आणि पापकर्माने पापी. एवढंच सांगितलंय. मला ती बाजूला जाण्याची गोष्ट फार आवडते. राजा जनकाच्या भरल्या यज्ञसभेत जो प्रश्न याज्ञवल्क्यांना चारचौघांत नको वाटला तो आपण तीस जणांच्या फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजता फॉरवर्ड टाकून सोडवतो.

तर आत्यांना विचारा की डोळे देणं हे पुण्यकर्म की पापकर्म? पुण्य म्हणाल्या तर त्याचं फळ आंधळेपण कसं येईल, असं कर्माच्या कुठल्याच सिद्धांतात बसत नाही. पाप तर त्या म्हणणार नाहीत. बहुतेक वेळा दोन डोळ्यांतून दोन माणसांना दिसायला लागतं, आणि त्यातही पूर्ण डोळा नाही, पुढचा पारदर्शक पडदाच बसवतात. दधीची ऋषींनी देवांना वज्रासाठी आपली हाडं दिली ती गोष्ट आत्यांनी तुम्हाला लहानपणी सांगितलीच असेल, त्यात शेवटी दधीची पुढच्या जन्मी बिनहाडाचे जन्मले असं काही येत नाही. आणि हे नास्तिकांचं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर नानाजी देशमुखांचं नाव सांगा. आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, आयुष्यभर संघाचे, चित्रकूटला ग्रामोदयाचं काम केलेले, २०१० साली गेले तेव्हा त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे दिल्लीच्या एम्सला दिला. त्यांना धर्म कळत नव्हता असं काका तरी म्हणणार नाहीत.

गीतेतला वासांसि जीर्णानि हा श्लोक तर स्मशानात, शोकसभेत, पत्रिकेवर सगळीकडे असतो. जुने कपडे टाकावे तसं शरीर टाकून जीव नवीन घेतो. मग टाकलेले कपडे जाळले काय आणि गरजूला दिले काय, ज्याने टाकले त्याला काय फरक पडतो? उलट दिले तर कोणीतरी दुवा देतं.

इथे मला एक कबूल केलं पाहिजे की आपली परंपरा ह्या विषयात एका सुरात बोलतच नाही, आणि तुमचा अर्धा गोंधळ त्याच्यामुळे आहे. ऋग्वेदात यम हा मेलेला पहिला माणूस, त्याने वाट शोधली आणि पितर त्याच्याकडे जाऊन राहतात, तिथे चौऱ्याऐंशी लक्ष योनी वगैरे काही नाही. उपनिषदांत देवयान पितृयान असे दोन रस्ते येतात, पुन्हा जन्म येतो. पुराणांत नरक येतात, चित्रगुप्त येतो. आणि आपण हे सगळं एकाच वेळी करतो, म्हणजे गीता म्हणून सांगतो की जीवाने नवीन देह घेतला, आणि दर भाद्रपदात त्याच जीवाला पानावर वाढून बोलावतोही. नवीन जन्म झाला असेल तर खीर कोणाला पोचते? हा प्रश्न चार्वाकांनी फार आधी विचारलाय, इथे घातलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच पान वाढा की म्हणून. शास्त्र्यांनी त्याला उत्तरंही दिलीत. मुद्दा एवढाच की ज्या गोष्टीवर नचिकेत्याला खुद्द यमाने सांगितलं की बाबा, ह्याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, दुसरं काहीतरी माग, त्या गोष्टीवर तुमच्या ज्योतिषाला मात्र फोनवर पाच मिनिटांत कळलं की आत्मा नेमका तुमच्या हॉलमध्ये अडकलाय.

पंचकाचं पटकन उरकते. धनिष्ठाचा उत्तरार्ध, शततारका, दोन्ही भाद्रपदा आणि रेवती, ह्या साडेचार नक्षत्रांत चंद्र असला की पंचक, आणि त्यात कोणी गेलं की घरात पाठोपाठ पाच जण जातात अशी समजूत. नक्षत्रं एकूण सत्तावीस, चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत सगळी फिरून येतो, म्हणजे महिन्यातले साडेचार दिवस पंचक असतंच असतं. म्हणजेच मरणाऱ्या सहा माणसांतलं जवळपास एक माणूस पंचकात मरतं. तुमच्या गावात मागच्या काही वर्षांत गेलेल्यांची नावं काढा, किती पंचकातले निघतील बघा, आणि त्यांच्या घरी पाठोपाठ पाच पाच माणसं गेली का तेही बघा. आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी दर्भाचे पाच पुतळे करून दहन करायची सोय त्याच शास्त्रात दिलेली आहे, ती त्या वेळी झाली नाही म्हणून आठ महिन्यांनी एक्कावन हजाराचं बिल येत नाही.

आता नारायण नागबली. हा त्र्यंबकेश्वरचा तीन दिवसांचा विधी, नारायणबली आणि नागबली हे खरं तर दोन वेगळे विधी एकत्र केलेत. नारायणबली सांगितलाय तो दुर्मरणासाठी, म्हणजे अपघात, आत्महत्या, बुडून, सर्पदंश अशा मरणासाठी, आणि नागबली नाग मारल्याच्या दोषासाठी. तुमची आई घरी, स्वतःच्या अंथरुणात, नवरा उशाशी असताना गेली. आपल्याकडे बायका ह्याला अहेव मरण म्हणतात आणि मनातल्या मनात हेवा करतात (मला स्वतःला ते कौतुक कधीच आवडलं नाही पण ते आहे). मग हे दुर्मरण कसं झालं? आणि नाग कोणी मारला? ज्योतिषाला हे दोन प्रश्न विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असेल. मी त्र्यंबकला जाणाऱ्यांना नावं ठेवत नाहीये, कित्येक लोकांना त्या तीन दिवसांनी बरं वाटतं, पण कर्ज काढून, भीतीने, नोकरी गेलेल्या माणसाने हे करावं असं मला बिलकुल वाटत नाही.

आणि बाबांना किंवा काकांना अगदीच अग्नीचं मनातून जात नसेल तर एक पर्याय जुन्या ग्रंथांतच आहे, पालाशविधी. ज्याचा देह मिळालाच नाही, समुद्रात गेला, परदेशात गेला, युद्धात गेला, त्याच्यासाठी पळसाच्या ३६० पानांची किंवा देठांची माणसाची आकृती करतात, डोक्याला चाळीस, गळ्याला दहा असे हिशेब ठरलेले आहेत, आणि तिला अग्नी देतात. म्हणजे देहाशिवाय अंत्यसंस्कार ही परिस्थिती आपल्या पूर्वजांनी धरलेली होती, त्यांनी वाट काढून ठेवलीये. तुमच्या केसमध्ये त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. पण बाबांना त्याने झोप लागणार असेल तर नेहमीच्या गुरुजींना विचारा, एका सकाळचं काम आहे, आणि तुम्ही मानत नसाल तरी बाबांसाठी शेजारी जाऊन उभ्या राहा.

कावळा. हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला कारण माझ्या मते तुमची झोप खरी इथे उडालीये, अग्नीबिग्नी नंतरचं. तासभर सगळं गाव बघतंय, कावळा झाडावर बसलाय आणि खाली येत नाही, आणि प्रत्येक मिनिटाला तुम्हाला वाटतंय की आई रागावलीये. रामायणाच्या उत्तरकांडात गोष्ट आहे, रावणाला घाबरून देव पक्षी-प्राण्यांच्या रूपात लपले, यम कावळा झाला, आणि संकट टळल्यावर त्याने कावळ्याला वर दिला की लोक तुला खाऊ घालतील तेव्हा माझ्या लोकातले लोक तृप्त होतील. गोष्टीत कावळा खातो ते पितरांच्या वतीने. तो रुसतो, हट्ट धरतो, प्लॉटच्या वाटण्या मागतो, हे आपण त्याला नंतर चिकटवलंय.

आणि व्यवहारात बघा. घाटावर एका सकाळी पाच-सहा घरांचे दहावे असतात, भात सगळीकडे, कावळे पोट भरलेले. त्यात कावळा हा महासंशयी पक्षी, ओळखीची नसलेली मांडणी दिसली की लांबूनच बघत बसतो, आणि आपण पन्नास माणसं कोंडाळं करून त्याच्या अंगावर "ये ये" करतो. लोक निघून गेल्यावर तोच कावळा आरामात येऊन खातो. दर्भाचा कावळा करून शिवायचा ही पद्धत काय तुमच्यासाठी नवीन काढली का गुरुजींनी? कावळा न येणं इतकं नेहमीचं आहे की त्याची सोय विधीतच आहे. दर्भाचा शिवला म्हणजे शिवला. त्याला सेकंड क्लास समजू नका.

आता ज्या गोष्टीवर मला राग आलाय त्यावर येते. तुमच्या वहिनीचा गर्भ गेला आणि घरात बोललं जातंय की सासूच्या आत्म्याने नेला. ती बाई ह्याच घरात राहते हो. तिने हे ऐकलंय. कर्मसिद्धांताचा अगदी पाया असा आहे की जो करतो तोच भोगतो, केलेलं वाया जात नाही आणि न केलेलं अंगावर येत नाही, ह्याच्या उलट झालं तर शास्त्रात त्याला कृतनाश (केलेलं वाया जाणं) आणि अकृताभ्यागम (न केलेलं अंगावर येणं) हे दोन दोष म्हणतात, म्हणजे ह्या दोन गोष्टी झाल्या तर सिद्धांतच मोडतो. आईच्या देहदानाचं फळ सुनेच्या पोटातल्या गर्भाने भोगायचं हा चक्क अकृताभ्यागम झाला. त्यामुळे जे लोक कर्माच्या नावाने हे बोलतायत ते कर्म मानतच नाहीत, ते फक्त घाबरलेत आणि कुणावर तरी ढकलायचंय. डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की कळून आलेल्या गर्भारपणांपैकी साधारण १० ते २० टक्के पहिल्या काही महिन्यांतच जातात आणि त्यातल्या बहुतेकांत आईने काही चुकीचं केलेलं नसतं, गर्भातच गुणसूत्रांची गडबड असते. वहिनीला जवळ बसवून हे तुम्ही सांगा. दादा सांगणार नाही, त्याला सुचणार नाही, तो स्वतःच खचलाय. आणि तिच्यासमोर पुन्हा हा विषय निघाला तर तिथल्या तिथे थांबवा, वय, मान, नातं काही बघू नका. बाकी सगळ्या बाबतीत गोडीने घ्या, ह्या एका बाबतीत नको.

दादाची नोकरी गेली त्याची कारणं कंपनीला विचारा, यमाला नको.

बाबांचं. त्यांना फॉर्म रद्द करायचा असेल तर करू द्या, फॉर्म म्हणजे काही करार नसतो. आपल्याकडे १९४९ पासून शरीरशास्त्राचा कायदा आहे, पण प्रत्यक्षात शेवटी घरच्यांनीच फोन करून देह पोचवायचा असतो, घरच्यांचं एकमत नसेल तर फॉर्म कपाटातच राहतो. पण त्यांचा निर्णय भीतीने बदलतोय की खरंच बदलतोय ते एकदा तुम्ही दोघंच बसून बोला, काका आजूबाजूला नकोत. माझा अंदाज आहे की बाबांना स्वतःच्या गतीची काळजी नाहीये, त्यांना बायकोला नीट निरोप देता आला नाही हे सलतंय. चिता पेटताना बघणं, दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा करणं, नदीवर नेणं, ह्या सगळ्यात माणसाला हळूहळू समजतं की माणूस गेलं. तुमच्याकडे ॲम्ब्युलन्स आली आणि अर्ध्या तासात घर रिकामं झालं. देहदान करणाऱ्या घरांनी ह्याचा आधी विचार करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, डोळ्यांसाठी सहा तासांच्या आतली घाई असते, कॉलेजला पोचवायचीही घाई असते, त्यात घरच्यांना बसून रडायला वेळच ठेवत नाही कोणी.

तर ते आता करा. ज्या कॉलेजला देह दिलाय तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करा, आईंच्या देहाचा अभ्यास अजून सुरू आहे का, नंतर अवशेषांचं काय करतात, त्या वेळी कळवाल का, हे विचारा. कॉलेज कॉलेजचे नियम वेगळे असतात पण विचारल्याने कोणी रागावत नाही. हल्ली एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं डिसेक्शन सुरू करण्याआधी त्या देहासमोर शपथ घेतात, मान राखू म्हणून, हे बाबांना सांगा. जिची अख्खी नोकरी वर्गात गेली तिच्यासमोर अजून एक बॅच उभी राहिली, बाबांना हे ऐकून बरं वाटेल असं मला वाटतं, तुम्हालाही.

वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलंय. ते करा, जसं करायचं तसं करा. गुरुजी येणार असतील तर येऊ देत. तुम्हाला स्वतः बसून करायचं असेल तर मुलीने करायचं नाही वगैरे ऐकून घेऊ नका, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवून कितीतरी वर्षं झाली, मुलींच्या हातून श्राद्ध करून घेणारे लोक मिळतात. गावजेवण नको असेल तर आईच्या शाळेतल्या पोरांना जेवायला घाला. ह्याच्यावर कोणी म्हणालं की ब्राह्मण जेवले नाहीत तर पितरांना पोचणार नाही, तर पैठणच्या नाथांची कथा सांगायची, त्यांनी श्राद्धाचा स्वयंपाक गावकुसाबाहेरच्या भुकेल्या लोकांना वाढून टाकला, ब्रह्मवृंद रुसून गेला, आणि मग पितर स्वतः येऊन पानावर बसले. सोळाव्या शतकातली गोष्ट आहे, काकांनी कीर्तनात ऐकली असणारच.

शेवटी ता.क. वाल्या प्लॉटचं. कर्माच्या बाजूने बघायचं तर दादाने शब्द दिला तो कावळ्याला, कावळा शिवेल ह्या अटीवर, आणि कावळा आला नाही. म्हणजे त्याच श्रद्धेने बघितलं तर आईची ती इच्छा नव्हती असाच अर्थ निघतो, काकांनी हा पुरावा स्वतःच घडवून आणलाय. कायद्याच्या बाजूने तर विषयच नाही. प्लॉट आईच्या नावावर होता, मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तो बाबा, दादा आणि तुम्ही अशा तिघांचा, सारखा सारखा. एकटा दादा तो कबूल करूच शकत नाही, आणि जागा द्यायची म्हटली तरी नोंदणी केलेल्या दस्ताशिवाय घाटावर बोललेल्या वाक्याने ती कुणाला मिळत नाही. काकांना खरंच वाटत असेलही की वहिनी असं म्हणाल्या होत्या, मी त्यांना खोटं पाडत नाही, बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो कधीतरी. पण आधी आईच्या कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये मृत्युपत्र आहे का बघा, सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर तिघांची वारसनोंद लावून घ्या, आणि तोवर दादाला सांगा की कुठल्याही कागदावर, कोरा असो नाहीतर भरलेला, सही करू नकोस. ज्योतिषाला कुणी सुचवलं होतं हे पण एकदा विचारून घ्या, तुमच्या पत्रात ते आलेलं नाही.